पितृऋण आणि परक्याची वंशावळ



देवापुढे संकल्प सोडताना आपण गोत्र व नाव उच्चारतो. श्राद्धात तर पित्यास वसुरूप, पितामहास रुद्ररूप व प्रपितामहास आदित्यरूप मानून तिघांचीही नावे घ्यावी लागतात. नेमकी इथेच पुष्कळांची वाणी अडखळते. वडिलांचे नाव ओठावर असते, आजोबांचे आठवते, आणि पणजोबांपाशी येताच यजमान शेजारी बसलेल्या चुलत्याच्या तोंडाकडे पाहू लागतो. परंपरा दयाळू आहे. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप सांगावे, तिथी ठाऊक नसेल तर भाद्रपदातील सर्वपित्री अमावास्या धरावी, अशी सोय तिने करून ठेवली आहे. पण सोय आहे म्हणून शोधच करू नये, असे तिने कोठेही सांगितलेले नाही.

त्याच तर्पणात आणखी एक ओंजळ असते. ज्यांना पाणी देणारे कोणी उरले नाही, अशा अनोळखी जिवांसाठी ती सोडली जाते. आपल्या पितरांचे स्मरण हे कर्तव्य होय. ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही त्याच्या पितरांचे नाव शोधून देणे, हा त्या दुसऱ्या ओंजळीचाच विस्तार होय. आज आम्ही त्या सेवेविषयी बोलणार आहोत.

आपले गोरेगाव सेनगाव तालुक्यातील. संत नामदेवांची नरसी आणि औंढ्याचा नागनाथ ही दोन्ही तीर्थे आपल्याच जिल्ह्यात. पण हा हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. त्यापूर्वी आपण परभणीत होतो, आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे इथल्या एकाच घराण्याचे कागद हिंगोली, परभणी, छत्रपती संभाजीनगर आणि थेट हैदराबाद अशा वाटांनी पांगलेले आढळतात. गावचे जुने कागद मोडीत, सरकारी दप्तर उर्दूत. सन लिहिलेला असतो फसली, त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो; आणि महिने बहमन, खुर्दाद, तीर अशा नावांचे. ज्याचे सारे आयुष्य नांगरामागे गेले, त्याने हा कागद वाचावा कसा? घरच्या पेटीत आजोबांनी जपलेली गुंडाळी असते आणि ती घरात कोणालाच वाचता येत नाही. आम्हांस तर हे एक प्रकारचे अनाथपणच वाटते.

ज्याला मोडी येते, उर्दू येते, किंवा अर्ज कसा लिहावा एवढे जरी कळते, त्याने अशा घरी जाऊन बसावे. 1954-55 चे खासरा पत्रक, गावच्या जन्ममृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, या क्रमाने मागे मागे जाता येते. त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगताच पूर्वी येऊन गेलेल्यांची नावे निघतात. यात्रेला निघालेल्या शेजाऱ्याने आपल्याबरोबर गल्लीतील चार घरांची चौकशीही करून आणावी. जुन्या नोंदीत आडनाव पुष्कळदा नसतेच. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची पत्नी, एवढे दोन शब्द कळले तरी अर्धा कागद बोलू लागतो.

आता जे सांगावयाचे ते थोडे कठीण आहे. सन 2023 मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तेव्हापासून वंशावळ हा शब्द घरोघरी पोचला. ज्यांनी कधी पणजोबांचे नाव विचारले नव्हते ते तलाठी कार्यालयाच्या पायरीवर बसू लागले. आरक्षणाचा प्रश्न हा या पानांचा विषय नव्हे. त्याचा निर्णय करणारे दुसरे आहेत. परंतु जिथे नावाला किंमत येते तिथे नाव बनवण्याचा मोहही येतो, आणि तो मोह सेवा करणाऱ्याच्या दारातूनच आत शिरतो. समोरचा मनुष्य गरजू असतो, डोळ्यांत पाणी आणून विनवतो, ‘एवढी एक कडी जुळवून द्या.’ नाव तेच आहे, गावही तेच आहे, फक्त बापाचे नाव जुळत नाही. अशा वेळी दयेच्या पोटी हात वळतो.

छांदोग्य उपनिषदातील जाबालेची कथा या वेळी आठवावी. सत्यकामाने आईस विचारले, माझे गोत्र कोणते? ती म्हणाली, बाळा, तारुण्यात अनेकांच्या घरी सेवा करीत हिंडले, तेव्हा तू झालास. गोत्र मला ठाऊक नाही. मी जबाला, तू सत्यकाम. तू आपले नाव सत्यकाम जाबाल असेच सांग. मुलगा हारिद्रुमत गौतमांपाशी गेला आणि हेच शब्दशः बोलला. गुरूंनी त्यास परत पाठविले नाही. हा सत्यापासून ढळला नाही म्हणून त्याला जवळ केले. ज्याच्या वंशावळीत पहिल्याच पायरीवर रिकामी जागा होती, त्याला ब्रह्मविद्या मिळाली. आणि ती जागा खोट्या नावाने भरण्याचा मोह त्या माउलीला झाला नाही, हे आम्हांस मुलाच्या धैर्याहूनही मोठे वाटते. म्हणून शोध करणाऱ्याने जिथे कागद संपतो तिथे ‘पुढील ठाऊक नाही’ असे स्वच्छ लिहावे. ते वाक्य लिहिताना हात कापला तरी चालेल.

दुसरे पथ्य मौनाचे. जुन्या कागदांत दत्तकपत्रे निघतात, गहाणखते निघतात, भावाभावांतील फिर्याद निघते. ज्याच्या घरचे ते, त्याच्याच हाती द्यावे. चावडीवर वाचू नये. आणि या कामाचे मोल घेऊ नये. ताहराबादचे महिपती हे कुळकर्णी. गावच्या हिशेबाची लेखणी त्यांनी खाली ठेवली आणि संतांची चरित्रे जमवून 1762 साली भक्तविजय पूर्ण केला. दुसऱ्यांच्या आठवणी टिपण्यात त्यांचे आयुष्य गेले, म्हणून कितीतरी भक्तांच्या कथा आपल्या घरांत आजही वाचल्या जातात.

एक उणीव मात्र आपण सारेच करीत आलो. वंशावळीच्या झाडाला मुलगेच तेवढे लागतात. श्राद्धात माता, पितामही, प्रपितामही यांनाही पिंडाचा मान आहे, परंतु कागदावर त्या अमक्याची जौजे होऊन थांबतात. माहेर कोणते, बाप कोण, याचा पत्ता नाही. गंगाखेडच्या जनाबाईंनी स्वतःस नामयाची दासी म्हणवले आणि त्या नावाने त्या उरल्या. बाकीच्या लक्षावधी जणी कोणत्याच नावाने उरल्या नाहीत. यावर उतारा दप्तरात सापडणार नाही, तो घरातल्या वृद्धेपाशी आहे. तेव्हा यात्रेहून परतल्यावर शेजारच्या आजीपाशी वही घेऊन बसावे. आधी तिच्या आईचे नाव विचारावे, मग आजीचे, मग त्या कोणत्या गावाहून आल्या ते. ती प्रथम हसेल आणि म्हणेल, मेलं आता काय करायचंय ते. तरी उठू नये.