फडक्यानं काय पुसलंस?

बस. खुर्चीवर नको, त्या स्टुलावर. चहाचं नंतर बघू.

दोन वर्षं माझ्या वर्गात होतास. मेकॅनिक मोटर व्हेइकलचं सर्टिफिकेट फ्रेम करून गॅरेजच्या काउंटरमागे लावलंयस, येताजाता बघतो मी. काल दूधवाल्याचा पिकअप माझ्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा ती फ्रेम आठवली आणि मला लाज वाटली.

नऊ दिवस गाडी तुझ्याकडे होती. तेवढे दिवस त्या माणसानं भाड्याचा टेम्पो करून दूध पोचवलं. तू गिअरबॉक्स उतरवलास, सिंक्रो रिंगा बदलल्यास, बेअरिंगं बदललीस, 22 हजारांचं बिल हातात दिलंस. आणि गाडी तशीच! पहिला गिअर पडेना, रिव्हर्सला खर्रर्र. त्यानं विचारलं तर म्हणालास, "नवीन सामान आहे, पाचशे किलोमीटर चालवा, सेट होईल."

गिअरबॉक्स उगाच उतरवलास म्हणून मी इतका चिडलो नसतो. मीही एकदा चाकाच्या बेअरिंगची घरघर ऐकून गिअरबॉक्स खोलून बसलो होतो. मजुरी घेतली नाही, तोंड पाडून परत बसवला. पण "सेट होईल"? हे मी शिकवलं नाही तुला.

आता सांग, गाडी आली तेव्हा पहिल्यांदा काय केलंस? मी सांगतो. गिऱ्हाईक म्हणालं, "गिअरबॉक्स गेलाय," आणि तू जॉब कार्डावर तेच लिहिलंस. अरे, दूधवाल्यानं दुखणं सांगायचं, निदान तू करायचं! डॉक्टरकडे जाऊन कुणी "किडनी गेली" म्हणालं, तर डॉक्टर लगेच सुरी काढतो का?

मी काय केलं ते ऐक. इंजिन बंद ठेवून पाचही गिअर टाकून पाहिले. लोण्यात बोट जावं तसे पडले. मग इंजिन चालू केलं. पहिला गिअर अडला. अडकायला इथंच हवं होतं तुझं डोकं. आतले फोर्क, रिंगा, दाते इंजिन बंद असताना जे असतात तेच चालू असताना असतात. फरक एकाच गोष्टीचा. इंजिन चालू असताना क्लच पूर्ण सुटला नाही, तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरतच राहतो आणि सिंक्रो रिंग बिचारी अख्ख्या इंजिनाशी कुस्ती खेळते. म्हणून पेडल दाबून पाच सेकंद थांबलो, मग रिव्हर्स टाकला. ह्या गाडीत रिव्हर्सला सिंक्रो नाही. शाफ्ट थांबला असता तर गिअर निमूट पडला असता. खर्रर्र झालं. मग पेडल तीनदा पंप केलं, आणि पहिला गिअर अलगद पडला. ह्याचा अर्थ काय, ते तू पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मला सांगितलं होतंस. तेव्हा बरोबर सांगितलं होतंस!

दहा मिनिटं लागली मला. पाना हातात घेतला नव्हता.

तुझ्या जॉब कार्डावर खाली लिहिलंय, "क्लच ऑइल टॉप-अप." तुझ्या पोरानं डबी भरली आणि तू सही केलीस. ते काय पेट्रोल आहे संपायला? बंद सर्किट असतं ते. क्लच प्लेट झिजली तर डबीतली पातळी उलट किंचित वर येते. खाली गेली म्हणजे कुठंतरी गळतंय, दुसरं काही नाही. उत्तर तुझ्याच कागदावर होतं.

आणि मला झोप लागली नाही ती ह्या गोष्टीनं. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरचे दोन बोल्ट काढून तो बाजूला करावा लागतो. म्हणजे तो तुझ्या हातात आला होता. त्याचा रबरी बूट ओला होता, काल मी मागे सरकवला तर बोटांवरून ऑइल ओघळलं. तुझ्याही बोटांवर आलं असणार. मग तू काय केलंस? फडक्यानं पुसलंस आणि पुढच्या बोल्टला लागलास. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात. इथं तर रेडा तुझ्या हातात होता.

"रिंगा झिजल्या होत्या, सर," असं फोनवर म्हणालास. झिजणारच. अर्धवट सुटणाऱ्या क्लचवर महिनोन्महिने गिअर ओढले की रिंगा खातातच मार. तो परिणाम झाला, कारण नव्हे. आणि किती झिजल्या होत्या? फीलर गेज लावून रिंग आणि गिअरमधली फट मोजलीस? आकडा सांग. नाही ना? "दिसल्या" हे माप नाही.

आता म्हणशील, जुनी गाडी होती, स्कॅनर लागत नाही, नव्या गाडीत चूक झाली नसती. मला शंका आहे. ऑटोमॅटिक गाडीत P0700 कोड आला की तुम्ही पोरं गिअरबॉक्सचा भाव सांगून मोकळी होता. तो कोड एवढंच म्हणतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरनं काहीतरी तक्रार नोंदवलीय, त्याला जाऊन विचारा. एखादा इग्निशन कॉइल मिस मारत असला तरी गाडी धक्के देते, आणि गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की गिअरबॉक्सच आहे. यंत्र बोट दाखवतं. त्या दिशेला चालत जायचं काम तुझंच.

दूधवाल्याची गाडी काल संध्याकाळीच नीट झाली. एक स्लेव्ह सिलिंडर, एक बाटली ब्रेक ऑइल. माझी बायको पेडल दाबायला बसली आणि मी खालून एअर काढली.

उद्या सकाळी सहाला तो डेअरीवर असतो. सामानाचे पैसे ठेव, सामान गाडीत बसलंय. मजुरी परत दे, पूर्ण, आणि काय चुकलं ते त्याला तुझ्या तोंडानं सांग. जुना सिलिंडर त्या खिडकीत ठेवलाय. जाताना घेऊन जा आणि काउंटरमागे त्या फ्रेमशेजारी खिळा मारून टांग.