बिरुद आणि ब्रीद

अमेरिकी सैन्याची चिन्हे ठरवणारी 'इन्स्टिट्यूट ऑफ हेराल्ड्री' व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉयरला आहे. तिच्या नोंदींची भाषा ठरलेली असते: आधी चिन्हाचे वर्णन, मग त्यातल्या प्रत्येक आकृतीचा अर्थ. 'जेआरओटीसी' हा तिथल्या माध्यमिक शाळांमधला सैनिकी शिक्षणाचा कार्यक्रम. 1916च्या कायद्याने सुरू झालेला, आपल्या एनसीसीचा चुलतभाऊच. त्याची लष्करी शाखा ज्या कॅडेट कमांडच्या अखत्यारीत चालते, तिच्या चिन्हात ढालीवर तलवार, दिवा आणि ग्रीक शिरस्त्राण आहे. तलवार म्हणजे धैर्य आणि आत्मत्याग. दिवा म्हणजे ज्ञानाची आस. शिरस्त्राण म्हणजे विद्वान योद्ध्याची प्राचीन कल्पना.

माझ्यातला भाषांतरकार अडतो तो या 'म्हणजे'पाशी. तलवार आत्मत्याग 'दर्शवते', असे नोंद बिनदिक्कत सांगते. पण कोणाचा आत्मत्याग? चौदा वर्षांच्या मुलाने अजून काय केलेले असते? संस्कृतातल्या 'बिरुद' शब्दापासून मराठीने दोन शब्द घेतले. बिरुद मिरवायचे, ब्रीद पाळायचे. सैन्याची नोंद बिरुदाच्या व्याकरणात लिहिलेली आहे.

14 फेब्रुवारी 2018 रोजी फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला. सतरा जण गेले, त्यांत या कार्यक्रमातले तीन कॅडेट होते. त्यांतला पंधरा वर्षांचा एक मुलगा गणवेशाचा शर्ट घालून दार धरून उभा होता, इतरांना बाहेर पडता यावे म्हणून. सैन्याने तिघांनाही शौर्यपदक दिले. वेस्ट पॉइंटने त्या मुलाला मरणोत्तर प्रवेश दिला. आणि गोळ्या झाडणारा? तो त्याच शाळेचा माजी विद्यार्थी, त्याच कार्यक्रमातला माजी कॅडेट. त्या दिवशी त्याच्याही अंगात जेआरओटीसीचाच पोलो शर्ट होता.

दार धरणाऱ्याचे श्रेय गणवेशाला द्यायचे, तर दुसऱ्या शर्टाचा हिशेब कुठे मांडायचा? तो मुलगा बिघडलेलाच होता, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. तसे म्हटले की पहिला मुलगा मुळातच चांगला होता, हेही मानावे लागते. मग चिन्हाने केले काय?

मराठी करायचे झाले, तर मी ती नोंद विध्यर्थात लिहीन: 'तलवारीने धैर्याची आठवण द्यावी.' मला हे बराच काळ उत्तर वाटत होते. चिन्ह दावा करणार नाही, फक्त मागेल. पण विध्यर्थात इच्छा असते तशी आज्ञाही असते. 'आत्मत्याग असावा' हे पंधरा वर्षांच्या पोराकडे कोणी मागायचे? अमेरिकेतल्या काही शाळांत नववीतल्या मुलांना न विचारताच या वर्गात घातले जात होते, हे 2022 साली वृत्तपत्रांनी उघड केले. त्यांच्यापैकी कोणी ते ब्रीद स्वतःहून घेतले नव्हते.

पार्कलंडच्या त्या मुलाने दार धरले, तेव्हा त्याच्या मनात तलवार होती की दिवा, की फक्त मागून धावत येणारी मुले, हे कोणत्याही नोंदीत नाही. पदकाच्या नोंदीत मात्र 'शौर्य' हा शब्द आहे, आणि तो त्याच्या वतीने इतरांनी लिहिला आहे.