माल आणि जीव

जो माणूस आपल्या मर्जीने संकटात शिरला, त्याला वाचवण्यासाठी इतरांनी जीव धोक्यात का घालावा? प्रश्न कठोर वाटतो, पण आपण तो वरचेवर विचारतो. कड्यावर अडकलेल्या गिर्यारोहकाबद्दल विचारतो, पावसाळ्यात धबधब्यात वाहून गेलेल्या पोरांबद्दल विचारतो. 'सांगितलं होतं कुणी जायला?' हे वाक्य आपल्या ओठांवर तयारच असते. आम्ही कोकण किनाऱ्याची माणसे. आमच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीवर गेली. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आम्हाला समुद्राकडेच मागावेसे वाटते.

१ जुलै २०१८ रोजी फ्रान्समधून 'गोल्डन ग्लोब' ही शिडाच्या बोटींची शर्यत सुरू झाली. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची आणि तीही पन्नास वर्षांपूर्वीच्या साधनांनिशी. १९६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी अशी पहिली सफर 'सुहैली' या बोटीतून पुरी केली होती. ही बोट मुंबईत बांधलेली आणि तिचे नाव अरब खलाशांच्या बोलीतल्या एका वाऱ्याचे. त्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन भारतीय नौदलातले कमांडर अभिलाष टॉमी या शर्यतीत उतरले होते.

२१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने 'थुरिया' उलटीपालटी केली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या कण्याला जबर मार बसला आणि त्यांना चालता येईना. ऑस्ट्रेलियाचे पर्थ शहर तिथून सुमारे १९०० सागरी मैलांवर. मग ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राने सूत्रे हाती घेतली. भारतीय नौदलाचे विमान मॉरिशसहून उडाले. आयर्लंडचा स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन याची बोटही त्याच वादळात मोडली होती. त्याने तात्पुरती डोलकाठी उभारली आणि मोडकी बोट टॉमींच्या दिशेने वळवली. अखेर २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' हे फ्रेंच मत्स्यगस्तीचे जहाज तिथे पोचले. त्याने टॉमींना वर घेतले आणि नंतर मॅकगकिनलाही.

टॉमींना जायला कुणी सांगितले नव्हते. ते ना मासेमारीला गेले होते, ना युद्धावर. तरीही कुणी हिशेब मांडत बसले नाही, कारण समुद्राचा रिवाज तसा आहे. १९७४ चा सागरी सुरक्षेचा करार आणि १९८२ चा सागरी कायद्याचा करार यांनी हा रिवाज लिहून ठेवला आहे. समुद्रात कुणी संकटात असल्याचे कळले की कप्तानाने मदतीला जायचे. आपले जहाज, खलाशी आणि उतारू यांना गंभीर धोका होणार असेल तर मात्र सक्ती नाही; कायदा कुणाकडून आत्महत्या मागत नाही. पण ज्याला वाचवायचे तो कुठल्या देशाचा, तिथे कशासाठी आला, हे आधी विचारण्याची मुभा तो देत नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. बुडते जहाज किंवा त्यावरचा माल वाचवणाऱ्याला मोबदल्याचा हक्क असतो. १९८९ च्या यासंबंधीच्या कराराने मात्र स्पष्ट सांगितले, की ज्याचा जीव वाचवला त्याच्याकडून मोबदला घेता येणार नाही. मालाची किंमत ठरवता येते, म्हणून तिथे हिस्सा मागता येतो. जिवाची किंमत ठरवायला बसलो की वाचवणारा सावकार होतो आणि वाचलेला कर्जदार. समुद्राने हे नाते मुळातच नाकारले.

यावर कुणी म्हणेल, अशाने बेफिकिरांचे फावेल. शिवाय खर्च सोसायचा कुणी? या शंका रास्त आहेत. शर्यत सुरू होण्यापूर्वी नियम हवे तेवढे कडक करावेत, आणि सुटकेनंतर चौकशीही जरूर करावी. या दोहोंच्या मधला वेळ मात्र बुडणाऱ्याचा आहे. त्या वेळात न्यायनिवाडा करणारा माणूस वाचवायचे सोडून न्यायाधीश होतो. वाचवणाऱ्याचे नुकसान इतरांनी वाटून घेता येते, हेही दिसले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये 'व्हेंदे ग्लोब' शर्यतीत केव्हिन एस्कोफिए यांची बोट फुटली. प्रतिस्पर्धी जाँ ल कॅम यांनी त्यांना तराफ्यावरून उचलले. शोधासाठी वाट वाकडी करणाऱ्यांचा खर्ची पडलेला वेळ पंचांनी हिशेबात धरला. त्यांपैकी यानिक बेस्ताव्हेन तिसरे पोचूनही त्यामुळे विजेते ठरले, आणि बाकीच्यांनी तो निकाल मानला.

पण तत्त्वाची खरी परीक्षा शर्यतीत होत नाही. २६ ऑगस्ट २००१ रोजी ख्रिसमस बेटाच्या उत्तरेला बंद पडलेल्या लाकडी बोटीतून 'टाम्पा' या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने चारशेहून अधिक माणसे वर घेतली. त्यांतले बहुतेक अफगाणिस्तानातले हजारा होते. मदतीला जा, असे ऑस्ट्रेलियाच्याच बचाव केंद्राने सांगितले होते. पण कप्तान आर्ने रिनान यांना ती माणसे ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर उतरवू दिली गेली नाहीत. जहाज हद्दीत शिरताच त्यावर सशस्त्र सैनिक चढले. पुढे बहुतेकांना नाउरू बेटावर आणि काहींना न्यूझीलंडला पाठवले गेले. हाच देश दूरवरच्या एकट्या खलाशाच्या शोधासाठी मोठ्या मनाने यंत्रणा कामाला लावतो, हे आम्ही विसरत नाही. म्हणूनच हा फरक बोचतो. खलाशी आवडीने गेला होता. हजारांना घरी राहणेच अशक्य झाले होते. 'सांगितलं होतं कुणी?' हा प्रश्न मात्र विचारला गेला तो त्यांना, आणि तोही पाय जमिनीला लागण्याआधी. पाण्यातून काढून डेकवर ठेवणे म्हणजे अर्धी सुटका. २००४ मध्ये सागरी नियमांत दुरुस्ती होऊन वाचवलेल्यांना सुरक्षित ठिकाणी उतरवण्याची जबाबदारी राज्यांवर आली, ती या अनुभवातूनच.

टॉमींच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. २०२२ मध्ये ते पुन्हा त्याच शर्यतीला निघाले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. एवढ्या माणसांनी धडपड करून वाचवलेला जीव पुन्हा त्याच पाण्यात घालायचा, हे कित्येकांना खटकेल. पण वाचवलेल्या जिवावर वाचवणाऱ्याची मालकी नसते. 'ओसिरिस'ने टॉमींना त्यांचे आयुष्य परत दिले, आणि परत दिलेल्या वस्तूचे काय करावे हे देणाऱ्याने सांगायचे नसते. कुणाला हात देताना आपल्याला एवढे मान्य आहे का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.