पत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कर्जाचा विषय काढू नये, असे आमच्या आजीचे सांगणे असे. पण यंदा दिवाळी जवळ आली तरी तोच विषय माझ्या मनातून जाईना. त्याला कारण आमचे शेजारी.

छत्रपती संभाजीनगरातल्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत त्यांचे छोटे वर्कशॉप आहे. वाळूजच्या कारखान्यांसाठी ते सुटे भाग कातून देतात. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला आणि पुढे अशा वर्कशॉपांची रांगच लागली. या धंद्याची गंमत अशी, की काम वाढले की चणचणही वाढते. सळ्या रोखीने घ्यायच्या, मजुरी वेळेवर द्यायची आणि मालाचे पैसे मात्र सवडीने यायचे. ते ४५ दिवसांत मिळावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. पण गिऱ्हाइकाला कायदा दाखवणारा लहान कारखानदार मला अजून भेटायचा आहे.

काही वर्षांपूर्वी त्यांना मोठी ऑर्डर आली, तेव्हा ते माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, जामीन राहाल का?” वीस वर्षांचा शेजार. त्यांच्या मुलीला मी गणित शिकवलेले. मी चहा मागवला, हवापाण्याच्या गोष्टी काढल्या आणि अखेर म्हणालो, “घरात विचारून सांगतो.” घरात मी विचारलेच नाही.

पैसे दिले ते बँकेने. शाखाधिकारी दोनदा वर्कशॉपमध्ये आले. लेथखालचा कीस पाहिला, बिले चाळली, कामगारांशी बोलले आणि तिसऱ्या लेथचे कर्ज साफ नाकारले! म्हणाले, “एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर मशीन घेऊ नका. आधी दुसरे शोधा; तोवर कच्च्या मालापुरते देतो.” तारण मागितले नाही. केंद्र सरकार आणि सिडबी यांनी २००० साली लहान उद्योगांसाठी जी पतहमीची योजना काढली, तिचा आधार घेतला. आज तिथे पाच लेथ फिरतात आणि गिऱ्हाइके तीन आहेत.

मी चुकलो का? माझा बचाव तयार होता. कर्ज बुडाले तर साहेबांची फार तर बदली होईल. माझे घर जाईल. शिवाय दुसऱ्यांच्या पैशावर औदार्य सोपे! पण मग आठवले, माझी ठेव त्याच शाखेत आहे. म्हणजे ज्याला मी सही नाकारली, त्याला माझेच पैसे गेले असतील आणि त्याचे व्याज मी मुकाट्याने घेत होतो.

बँकेला मी संतपद देत नाही. २०१० च्या ऑक्टोबरात याच शहरातल्या मंडळींनी एकदम दीडशेच्या आसपास मर्सिडीज गाड्या घेतल्या आणि त्यांसाठी स्टेट बँकेने सुमारे सात टक्क्यांनी कर्जे दिली. त्या दराने कोणा लहान वर्कशॉपवाल्याला पैसे मिळाल्याचे माझ्या कानी नाही. ज्याच्यापाशी आहे त्याला देणे, हा हिशेब झाला. विश्वास त्याच्या पुढे सुरू होतो.

आणि विश्वास म्हणजे डोळे मिटणे नव्हे, हे मला त्या नकाराने शिकवले. नफ्यात वाटा नसूनही साहेब त्या दिवशी भागीदारासारखे वागले. कारण ‘नाही’ म्हणण्यापूर्वी त्यांनी पाहिले होते. मी न पाहताच ‘नाही’ म्हटले. वीस वर्षे भिंतीला भिंत लागून राहिलो, पण त्यांच्या वर्कशॉपात मी एकदाही पाऊल टाकले नव्हते! चूक सही न करण्यात नव्हती. ती इथे होती.

परवा शेजारी दारात आले. हसत म्हणाले, “सर, पूजेला वर्कशॉपवर या. जामीन राहायला नव्हे, फराळाला!”

या वेळी मी घरात खरेच विचारले. आम्ही दोघेही जाणार आहोत.