प्रश्न कोणीं विचारावा?

सर्व मुलांनीं एकाच वर्गांत शिकावें, हें तत्त्व आतां फारसें कोणी नाकारीत नाहीं. आपल्या देशांत दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यानें शासनमान्य शाळांवर तसें बंधनच घातलें आहे. परंतु वर्गांत बसावयास जागा मिळणें आणि वर्गाच्या विचारांत जागा मिळणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. उत्तरें सांगून न टाकतां मुलांकडूनच शोध करवावा, या पद्धतीचा विषय निघाला कीं पुष्कळ सुशिक्षित माणसें म्हणतात, ‘हें हुशार मुलांस ठीक, अंध, बहिऱ्या वा मंद गतीच्या मुलाला सरळ सांगून द्यावें, उगाच कां छळावें?’ हा आक्षेप निर्दय माणसाचा नव्हे. बहुधा तो दयाळू माणसाचाच असतो, आणि म्हणूनच त्याचा विचार करणें अवश्य आहे.

गेराट व्हर्माय यांचा जन्म १९४६ सालीं हॉलंडांत झाला. अगदीं बालपणींच त्यांची दृष्टि समूळ गेली. १९५५ मध्यें त्यांचें कुटुंब अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत आलें, आणि हा मुलगा डोळस मुलांबरोबर सामान्य शाळेंत शिकूं लागला. चौथीच्या बाईंनीं एकदां फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरचे शंखशिंपले आणून खिडकीच्या कट्ट्यावर मांडले. हॉलंडच्या किनाऱ्यावर त्याच्या हातीं लागलेले शिंपले साधे, खडूसारखे खरबरीत होते. हे मात्र आंतून गुळगुळीत आणि बाहेरून कंगोऱ्यांनीं नटलेले. उष्ण समुद्रांतले शंख इतके नक्षीदार कां, हा प्रश्न त्या मुलाच्या बोटांना पडला, आणि पुढें जन्मभर त्यानें तो सोडला नाहीं. १९७१ मध्यें व्हर्माय येल विद्यापीठाचे डॉक्टर झाले. खेंकड्यांसारखे शत्रु आणि शंखांचीं कवचें यांच्यांत लक्षावधि वर्षें चाललेल्या चढाओढीचा त्यांनीं उलगडा केला. कवचांवर जुन्या हल्ल्यांचे बुजलेले व्रण असतात. ते त्यांनीं बोटांनीं वाचले.

बाईंच्या जागीं एखादा अतिदयाळू शिक्षक असता तर? तो त्या मुलाजवळ बसून म्हणाला असता, ‘हा गुलाबी आहे बरें, हा पिवळा.’ मुलानें मान डोलावली असती, आणि शंख पेटींत परत गेले असते.

व्हर्माय हे अपवाद आहेत, हें मला मान्य आहे. असामान्य माणसाच्या उदाहरणावरून सामान्य नियम काढूं नये. शिवाय शोधपद्धतीचा अतिरेकही घातकच. २००६ मध्यें किर्शनर, स्वेलर व क्लार्क या तिघा संशोधकांनीं, नवशिक्याला मार्गदर्शनावांचून शोधाला लावलें असतां त्याच्या स्मृतीवर नसता भार पडतो, असें साधार दाखविलें. तेव्हां मदत हवीच. बहिऱ्या मुलापर्यंत वर्गांतली चर्चा खुणांच्या भाषेंत पोंचली पाहिजे. मंद गतीच्या मुलाला प्रयोगाची पहिली पायरी करून दाखविली पाहिजे. पण ही मदत प्रश्नापर्यंत नेणारी आहे. प्रश्नच हिरावून घेऊन उत्तर भरविणें निराळें. चाळीस मुलांच्या वर्गांत एकट्या शिक्षकाला हें जड जातें, हें मी नाकारीत नाहीं. जड म्हणून राहिलें, असें त्यानें म्हणावें. दया म्हणून सोडलें, असें म्हणूं नये.

हें मी दुसऱ्यांस शिकविण्याच्या ऐटीनें लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गांत एक अंध विद्यार्थी होता. प्रश्न विचारीत त्याच्या बाकापाशीं आलों कीं मी पुढें सरकत असें. चारचौघांत चुकल्याची लाज त्याला वाटूं नये, हा हेतु. आणि या हेतूबद्दल मी मनांतून स्वतःवर प्रसन्नही होतों. सत्र संपत आलें तेव्हां एका तासानंतर तो थांबला आणि म्हणाला, “सर, आपण मला एकदांही विचारलें नाहींत. माझें कांहीं चुकलें का?” मला उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ‘सर्व माणसें मर्त्य आहेत’ या विधानाचें उद्देश्य व विधेय उलटविल्यास काय निष्पन्न होतें, असें मीं त्याला विचारलें. तो म्हणाला, “सर्व मर्त्य प्राणी माणसें आहेत.” चूक आहे, असें मीं सांगतांच मागच्या बाकावर कोणी तरी हंसलें. तोही हंसला. “मग बैल कोठें गेला?” असें स्वतःशींच पुटपुटत त्यानें थोडा वेळ घेतला, आणि उत्तर दुरुस्त केलें.