गावचा देव आणि परगावी गेलेला पदवीधर

पदवी हातात पडली की सिंधुदुर्गातल्या मुलामुलींनी घर सोडायचे, हे आता ठरून गेल्यासारखे आहे. आधी मुंबई होती. आता पुणे, बंगळूर, हैदराबाद, गुरुग्राम. २००१च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११मध्ये ती ८,४९,६५१ भरली. दहा वर्षांत माणसे कमी झालेले जिल्हे महाराष्ट्रात मोजकेच, त्यांतला हा एक. या स्थलांतराचा आर्थिक हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. धार्मिक हिशेब सहसा कोणी मांडत नाही आणि मालवणच्या किनाऱ्यावर तोच जास्त अवघड आहे, कारण इथला देव हद्दीचा देव आहे. त्याचा अंमल गावच्या शिवेपर्यंत. मग शिवेपलीकडे, हजार किलोमीटरवर जाऊन नवे बस्तान बसवणाऱ्याशी त्याचे नाते काय उरते? देव त्याला तिथे राखतो का? आणि राखत नसेल, तर त्याचे देणे का द्यायचे?

या देवाचे स्वरूप आधी पाहायला हवे. सातेरी, रवळनाथ, वेतोबा, रामेश्वर ही नावे जिल्ह्यात गावोगाव भेटतात, पण एका गावची सातेरी शेजारच्या गावच्या सातेरीची जागा घेत नाही. प्रत्येकीचे गाव वेगळे, मानकरी वेगळे, कौल, म्हणजे देवाला विचारून मिळणारा होकार-नकार, वेगळा. सातेरी तर वारुळाच्या रूपाने पुजली जाते. म्हणजे ती त्या गावच्या जमिनीतूनच वर आलेली. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. त्याला केळ्यांचे घड वाहतात तशा चामड्याच्या वहाणाही वाहतात. त्या माणसाच्या पायाला कधीच येणार नाहीत एवढ्या मोठ्या असतात, आणि फिरून फिरून त्यांचे तळ झिजतात असे भाविक सांगतात. श्रद्धा बाजूला ठेवली तरी त्या वहाणांमागचा विचार नेमका आहे. देव सर्वत्र असता तर त्याला चालावे लागले नसते. चालतो, झिजवतो, म्हणजे त्याला कुठून तरी कुठवर जायचे असते, आणि ते ‘कुठवर’ गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

अशा देवाशी बोलण्याची रीत म्हणजे गाऱ्हाणे. घाडी किंवा गुरव देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने मागणे मांडतो आणि जमलेले लोक दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. पोटापाण्यासाठी बाहेर गेलेल्या लेकरांचा उल्लेख गाऱ्हाण्यात हमखास येतो: कामधंद्यात यश दे, वाटेत राखण कर, आडवे येणाऱ्याला बाजूला कर. नोकरीवर निघताना घरचे लोक देवाला नारळ ठेवून असेच स्वतंत्र गाऱ्हाणे घालतात. यात एक बारकावा आहे. गाऱ्हाणे घालताना निघालेला माणूस समोर असलाच पाहिजे असे नाही. त्याचे नाव घेतले, घर सांगितले की पुरते. देवाच्या दरबारात तो हजर धरला जातो, कारण तो कोण हे तो उभा कुठे आहे यावर ठरत नाही. त्याचे घर कुठले आणि वाटा कुठला यावर ठरते.

मुंबईच्या चाकरमान्यांनी ही व्यवस्था शंभर वर्षे चालवून दाखवली. बोटींच्या काळात मालवण-वेंगुर्ल्याची वाहतूक पावसाळ्यात बंद पडे, तरी नाते तुटले नाही. गिरणगावात गावकीच्या खोल्या असत. एका गावचे गडी एका खोलीत पाळीपाळीने झोपत, गावच्या देवळासाठी वर्गणी काढत, पालखीच्या वेळी कोणी जायचे ते ठरवत. गावाचा एक तुकडाच जणू लालबाग-परळला नेऊन ठेवलेला. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गाने सुरू झाली आणि एका रात्रीत गाव गाठणे सोपे झाले. आजच्या पदवीधराची गोष्ट निराळी. तो बंगळूरला एकटा जातो. सहकारी तमिळ, घरमालक कन्नड, गणपतीची रजा मिळेल न मिळेल. त्याच्या भोवती गावकी नाही, म्हणून देवाचा प्रश्न त्याच्यापुढे प्रथमच उघडा पडतो. चाकरमान्याला तो विचारावाच लागला नव्हता. खोलीतल्या वीस जणांनी तो त्याच्यासाठी सोडवून ठेवला होता.

शिवेबाहेर पडणे म्हणजे देवाबाहेर पडणे का, याचे सर्वांत बोलके उत्तर मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात मिळते. तिथे साधारण तीन-चार वर्षांनी गावपळण होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जातो. म्हातारी माणसे, पाळण्यातली पोरे, गुरे, शेळ्या, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. घरांना कुलपे लागतात, बाजार बंद, व्यवहार बंद. शिवेपलीकडे झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहतात, तीन दगडांच्या चुली पेटतात, रात्री भजने आणि फुगड्या रंगतात. एरवी बोलाचाली बंद असलेली भावकी शेजारी शेजारी जेवते. तीन रात्री सरल्यावर पुन्हा कौल घ्यायचा. देवाने होकार दिला तर परतायचे, नाही तर मुक्काम वाढवायचा. चिंदर आणि वायंगणीतही ही प्रथा आहे. तिची कारणे नाना सांगतात. कोणी भुताखेतांचे नाव घेतो, कोणी साथीच्या रोगांचे, कोणी गावाची हवा मोकळी व्हावी म्हणतो. एकही कारण सिद्ध करता येत नाही आणि गावपळणीला त्यावाचून अडतही नाही.

धर्मविचाराच्या दृष्टीने गावपळणीत तीन गोष्टी घडतात. गाव म्हणजे घरे नव्हेत हे उघड होते, कारण घरे आत राहतात आणि गाव बाहेर नांदतो. देव मात्र आतच राहतो. त्याला कोणी राहुटीत घेऊन जात नाही. आणि बाहेर पडलेल्यांना देवाने सोडले असे कोणालाच वाटत नाही, उलट त्याच्याच हुकमाने ते बाहेर आहेत. शिवेबाहेर राहणे आणि देवाच्या हुकमात राहणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे आचऱ्याला कोणत्याही ग्रंथाशिवाय ठाऊक आहे. पदवीधराचे जाणे यात अर्धेच बसते. जाताना तो गाऱ्हाणे घालून, म्हणजे परवानगीने जातो. परतीचा कौल मात्र त्याच्यासाठी कोणी घेत नाही. गावपळण तीन रात्रींची, त्याची तीस वर्षांची. व्यवस्थेतली खरी फट इथे आहे.

या फटीवर परंपरेने एक उत्तर आधीच शोधून ठेवले होते: कुलदेवता. ग्रामदेवता जमिनीची, कुलदेवता वंशाची. माणूस गाव बदलतो तेव्हा ग्रामदेवता बदलते. कुलदेवता पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते. मालवण किनाऱ्यावरच्या कितीतरी सारस्वत घराण्यांची कुलदैवते आजही गोव्यात आहेत. त्या दैवतांचाच इतिहास स्थलांतराचा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी साष्टी-तिसवाडीतली देवळे पाडायला घेतली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश झुआरी नदी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. ज्या देवांचे नावगाव जागेशी बांधलेले, त्यांनाच रातोरात जागा सोडावी लागली. पुढे भय संपले, राज्ये बदलली, तरी ते मूळ गावी परत गेले नाहीत. नव्या जागी देवळे झाली, मान ठरले, जत्रा भरू लागल्या. जागेचा देवही नव्या जागेचा होऊ शकतो, याला यापेक्षा मोठा दाखला नको. फक्त तो एकटा गेला नाही. त्याला घेऊन जाणारे, त्याच्या पुजेची जबाबदारी उचलणारे कोणीतरी होते.

शास्त्रात शिक्षण संपल्यानंतरच्या टप्प्यासाठी समावर्तन हा संस्कार आहे. त्याची दिशा आजच्या नेमकी उलटी: गुरुगृही राहिलेला विद्यार्थी स्नान करून स्नातक होतो आणि घरी परत येतो. आज घरी राहून शिकलेला शिक्षण संपताच घराबाहेर पडतो. तरीही तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्य निरोपाचा जो उपदेश करतो, त्यातल्या दोन गोष्टी परगावी निघालेल्याला लागू पडतात. देवांविषयीची आणि पितरांविषयीची कर्तव्ये टाळू नयेत, ही पहिली. दुसरी जास्त उपयोगाची आहे: कसे वागावे याची शंका आली, तर त्या त्या ठिकाणची विचारी, मृदू, निःस्वार्थ माणसे जशी वागतात तसे वागावे. म्हणजे कर्तव्ये सोबत न्यायची आणि वागण्याचा मापदंड जिथे जाऊ तिथला घ्यायचा. तैत्तिरीय संहितेतली तीन ऋणांची कल्पना याला जोडून पाहता येते. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, देवांचे यज्ञाने, पितरांचे संततीने. म्हणजे पदवी घेणाऱ्याचे एकच ऋण फिटलेले असते. उरलेली दोन घेऊन तो गाडीत बसतो. हिंदू कायद्यातही असाच एक सिद्धांत आहे: एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेलेले कुटुंब आपला मूळचा व्यक्तिगत कायदा बरोबर घेऊन जाते, असे गृहीत धरतात, त्याने तो सोडला हे दाखवायचे ओझे तसे म्हणणाऱ्यावर पडते.

या सगळ्याला छेद देणारे उत्तरही याच मातीतून आले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणात जन्मले. रत्नागिरीला आणि मग मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकले. मुंबई विद्यापीठाच्या १८६२च्या पहिल्या पदवीधरांत न्यायमूर्ती रानड्यांच्या बरोबरीने त्यांचे नाव आहे. त्यानंतर ते सिंधमधल्या हैदराबादला हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून गेले. मालवणचा मुलगा पदवी घेऊन थेट सिंधमध्ये, तेही रेल्वेचे जाळे नुकते विणले जात असताना. पुढे ते प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ झाले. मूर्ती नाही, अवतार नाही, एकच निराकार ईश्वर आणि त्याची प्रार्थना. ती मालवणात करा, हैदराबादेत करा, सारखीच. अशा ईश्वराला शीव नसते, त्यामुळे स्थलांतराचा प्रश्नच मिटतो.

मिटतो, पण सुटतो का, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. निराकार ईश्वर सर्वांचा असतो, म्हणून तो कोणा एकाला ‘तू आला नाहीस’ असे विचारत नाही. गावचा देव विचारतो. म्हणजे गावचे लोक विचारतात आणि देवाच्या तोंडून विचारतात. या विचारण्याचा जाच आहे हे खरे. मानपानाच्या भांडणांत जत्रा बंद पडल्याची उदाहरणे कोकणात कमी नाहीत, आणि ज्यांना देवळाच्या पायरीखाली उभे केले गेले, त्यांच्यासाठी शीव ओलांडणे ही सुटका होती. त्यांनी देणे का द्यावे याचे उत्तर गावकीपाशी नाही. पण तो जाच वजा केला तर मागे काय राहते हेही पाहायला हवे. कोणीतरी आपली गैरहजेरी मोजतो आहे, एवढे तरी राहतेच. परमुलखात एकट्या राहणाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटत नाही. भांडारकरांचा ईश्वर तत्त्वज्ञान म्हणून अधिक नीटस आहे. गावचा देव नाते म्हणून अधिक पक्का.

मुलींच्या बाबतीत हा हिशेब अजून बसलेला नाही. जुन्या रीतीत मुलगी लग्नाने गाव बदलते आणि सासरच्या देवाच्या राखणीत जाते. माहेरच्या देवीची ती ओटी भरते, पण माहेरवाशीण म्हणून. नोकरीसाठी पुण्याला गेलेली अविवाहित पदवीधर यांपैकी कशातच बसत नाही. तिचे गाऱ्हाणे वडिलांच्या घराच्या नावाने घातले जाते, आणि पुढे तिने लग्न केलेच नाही तर काय, याला प्रथेने उत्तर दिलेले नाही. कौल लावून विचारता येईल. अजून फारसे कोणी विचारलेले दिसत नाही.

उरतो व्यवहार. वर्षाकाठी शेताच्या बांधावर तिथल्या राखणदार दैवताला ‘राखण’ म्हणून नारळ किंवा कोंबडा द्यायचा असतो, देवळाची वर्गणी असते, घरच्या देवांची दिवाबत्ती असते. घर बंद असेल तर भावबंद किंवा शेजारी ते करतात आणि बंगळूरहून मोबाइलवर पैसे येतात. हे चालते का? धर्मशास्त्राचा नियम असा: नित्य आणि नैमित्तिक कर्मांत प्रतिनिधी चालतो, काम्य कर्मात चालत नाही. जे करणे भागच आहे ते दुसऱ्याच्या हातून झाले तरी झाले. स्वतःच्या इच्छेसाठी आरंभलेले मात्र स्वतःच करावे लागते. कोकणातली रूढी शास्त्र न वाचता याच रेषेवर चालते. राखण काकाने दिली तरी पोहोचते, पण नवस ज्याने बोलला त्यानेच फेडायचा. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा पंचांगातल्या ठरलेल्या तिथीला भरत नाही. दरवर्षी देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि ती जाहीर झाली की रजेचे अर्ज आणि रेल्वेचे आरक्षण सुरू होते. कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते. त्यांत नोकरी लागू दे म्हणून नवस बोललेले आणि ती लागल्यामुळेच गाव सोडलेले पुष्कळ जण असतात.