जखमेची साक्ष

चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवरील चर्चमध्ये एक पाषाणी क्रूस आहे. पोर्तुगीजांना तो १५४७ मध्ये सापडला. त्यावर पहलवी लेख कोरलेला आहे. या दगडाला रक्ताचा घाम फुटत असे, अशी भाविकांची श्रद्धा. परंपरा ही टेकडी ज्याच्या हौतात्म्याची मानते, त्या थॉमसने ख्रिस्ताच्या जखमांत बोट घातल्यावाचून पुनरुत्थान न मानण्याची अट घातली होती. संशयी शिष्याच्या टेकडीवर रक्ताचीच साक्ष सांगितली जावी, हे अर्थपूर्ण आहे.

रूपर्ट वेनराइट यांच्या ‘स्टिग्माटा’ (१९९९) या भयपटात हाच पेच आहे. ईश्वर न मानणाऱ्या एका तरुणीच्या देहावर क्रूसावरील जखमा उमटतात. व्हॅटिकनचा वैज्ञानिक धर्मगुरू चमत्काराची शहानिशा करायला येतो. शहानिशा चालू असते आणि तिचे रक्त वाहत असते. चित्रपटातील खरे भय मला सैतानी आवाजांपेक्षा येथे जाणवते.

पैठणच्या कथेत रेड्याच्या मुखी वेद आले, एवढेच आपण आवडीने सांगतो. रेड्यावर ओढलेल्या आसुडाचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, हे मात्र सहज विसरतो. पहिल्या चमत्काराने विद्वानांना जिंकले. दुसऱ्याने मुक्या जनावराची वेदना आपली मानली.

चमत्कार तपासण्याचा अधिकार बुद्धीला आहेच, आणि तो तिने सोडू नये. परंतु समोर जखम वाहत असता तपासणी आधी की शुश्रूषा, हा प्रश्न नीतीचा आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी श्रद्धावंत असावे लागत नाही.